मोजणीच्या नोकरीत इतिहासाचं एम. ए.

"मॅडम, ही हद्द पयल्यांदा घातली कुणी?"

बांधावर दोन चुलतभावांची भांडणं चालली होती आणि बाजूला लिंबाखाली बसलेल्या म्हाताऱ्याने मला हा प्रश्न विचारला. मी भूकरमापक, म्हणजे सरकारी मोजणीदार. भूमी अभिलेख खात्यात लागून तेव्हा दहा वर्षं झाली होती. मी म्हणाले, "इंग्रजांनी, आबा." त्यांनी पुढे विचारलं, "कंच्या इंग्रजानं? आन् त्येला काय पडलं हुतं आमच्या रानाचं?" मला उत्तर देता आलं नाही. दहा वर्षं मी ज्या रेषेवरून चालत होते, ती कुणी आणि कशासाठी ओढली, हे मला माहीत नव्हतं. घरी येताना एसटीत तेच डोक्यात राहिलं.

माझं शिक्षण दहावीनंतर आयटीआयचा सर्व्हेअर ट्रेड, मग नोकरी, मग नोकरीत असताना मुक्त विद्यापीठातून बी. ए. ती बी. ए. मी बढतीला उपयोगी पडेल म्हणून केली होती. एम. ए. इतिहास मात्र कशाच्याच उपयोगाचं नव्हतं. आमच्या खात्यात त्याने वेतनश्रेणी बदलत नाही. नवऱ्याने सरळ विचारलं, "मग कशाला?" मी लिंबाखालच्या आबांचा प्रश्न सांगितला. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "सकाळचा डबा मी करतो." साडेतीन वर्षं त्यांनी तो केला. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढे जे जे मी "केलं" म्हणणार आहे, त्यातले दोन तास रोज त्यांनी दिलेले आहेत.

जुलै २०२१ मध्ये इग्नूत, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात, प्रवेश घेतला. आठ विषय, प्रत्येक आठ श्रेयांकांचा (क्रेडिटचा), म्हणजे एकूण चौसष्ट. एका श्रेयांकाला तीस तासांचा अभ्यास धरलेला असतो. मी मोजणीवाली, त्यामुळे पहिल्याच दिवशी गुणाकार केला : १९२० तास. रोज दोन तास धरले तर ९६० दिवस. कार्यक्रम दोन वर्षांचा असला तरी जास्तीत जास्त चार वर्षांत पूर्ण करता येतो, हे वाचून मी तेव्हाच ठरवलं की दोन वर्षांचा हट्ट धरायचा नाही. नोकरी करून शिकणाऱ्या कुणी विचारलं तर मी हेच सांगते. एका परीक्षेला दोनच विषय घ्यावेत. मी पहिल्या वर्षाचे चार विषय जून आणि डिसेंबर २०२२ असे दोन-दोन करून दिले, आणि दुसरं वर्ष पुरं व्हायला डिसेंबर २०२४ उजाडला.

पहाटे साडेचार ते साडेसहा ही माझी वेळ. रात्री अभ्यास करून पाहिला, जमला नाही. दिवसभर उन्हात उभं राहिलेल्या माणसाचे डोळे रात्री नऊनंतर अक्षरावर ठरत नाहीत. एसटीत मोबाइलवर इज्ञानकोशातले, म्हणजे इग्नूच्या ऑनलाइन साठ्यातले धडे वाचायचे, त्यातलं कळलं नाही ते पहाटे पुन्हा. रविवारी स्वाध्याय. प्रत्येक विषयाला पाच प्रश्न, प्रत्येकी पाचशे शब्द, हाताने लिहायचे. आठ विषयांचे चाळीस निबंध झाले. सत्राच्या शेवटच्या लेखी परीक्षेलाही तेच, तीन तासांत पाच उत्तरं. आमच्या कामात हात लिहितो तो आकडे आणि चारदोन शेरे. सलग तीन तास लिहायची सवय केव्हाच मोडलेली. पहिल्या पेपरला शेवटचं उत्तर लिहिताना बोटं वळेनात. नंतर मी दर रविवारी घड्याळ लावून एक उत्तर लिहायला लागले, अभ्यासासाठी कमी आणि हातासाठी जास्त.

माध्यमाचा प्रश्न होता. हिंदी किंवा इंग्रजी. मी हिंदी घेतलं. लिपी तीच, त्यामुळे सोपं जाईल असं वाटलं होतं, पण शब्द आपल्या ओळखीचे दिसतात आणि अर्थ भलताच निघतो. सगळ्यात जास्त मी अडले ते 'सामंतवादा'पाशी. आपण मराठीत त्याला सरंजामशाही म्हणतो. भारतात मध्ययुगाच्या सुरुवातीच्या काळात सरंजामशाही होती का, यावर मोठा वाद आहे. इतिहासकार रामशरण शर्मांनी १९६५ साली ती होती अशी मांडणी केली. १९८१ मध्ये हरबंस मुखियांनी प्रश्न विचारला की, इथला शेतकरी आपली अवजारं आणि आपलं कसणं स्वतःच्या हातात ठेवून होता, मग युरोपातला शब्द त्याला लावायचा कसा? हे वाचताना माझ्या डोक्यात सतत 'सरंजाम' घुमत होता. आणि आपला सरंजाम म्हणजे तर फौज बाळगण्यासाठी मराठी राज्याने सरदाराला लावून दिलेला मुलूख! तो राज्य देतं आणि राज्य काढूनही घेऊ शकतं. म्हणजे आपण भाषांतरासाठी जो शब्द उचलला, त्याच्या पोटात आधीच एक वेगळा इतिहास होता. चार दिवस मी या एका शब्दावर अडकून होते. स्वाध्यायात त्यावर एक परिच्छेद लिहिला. तपासणाऱ्यांनी त्याच्याखाली रेघ ओढून 'अच्छा' असं लिहिलं होतं. तो कागद मी जपून ठेवला आहे.

आबांच्या प्रश्नाचं उत्तर भारतीय अर्थव्यवस्थेच्या इतिहासात सापडायला लागलं. पुस्तकात रयतवारीवर, म्हणजे सारा थेट शेतकऱ्याकडून घेण्याच्या पद्धतीवर, काही पानं होती, त्यात मुंबई इलाख्याला थोडी जागा, आणि त्या थोड्या जागेत एकदम 'इंदापूर' हे नाव आलं. आमच्या शेजारचा तालुका! मी पुस्तक खाली ठेवून स्वयंपाकघरात गेले आणि ह्यांना ते वाक्य वाचून दाखवलं.

पेशवाई गेल्यावर पुणे जिल्ह्यात पहिली मोठी मोजणी केली ती प्रिंगल या अधिकाऱ्याने, १८२० च्या दशकाच्या शेवटी. त्याचा हिशोब कागदावर फार नेटका होता. शेताचं उत्पन्न काढायचं, लागवडीचा खर्च वजा करायचा, उरेल त्याचे ५५ टक्के सरकारचे. पण कोणत्या शेतकऱ्याचा खर्च किती, उत्पन्न किती, हे हजारो शेतांसाठी खरंखुरं कोण काढणार? मोजणीत लबाड्या झाल्या, आकारणी जड झाली, आणि लोक रानं टाकून निघून गेले. १८३५ मध्ये इंदापूरला गोल्डस्मिड आला, त्याला विंगेट हा लष्करी इंजिनिअर येऊन मिळाला. त्यांनी नक्त उत्पन्नाचा सिद्धान्त बाजूला ठेवला. मागची वसुली, पाऊस, बाजारपेठ किती लांब, हे बघून तालुक्याचा आकडा ठरवला आणि तो शेतांवर मातीच्या प्रतीप्रमाणे वाटला. मातीच्या नऊ प्रती. खोल काळी जमीन सोळा आणे, शेवटची उथळ बरड दोन आणे. चुनखडी, वाळू, उतार, पाणी साचणं असे दोष निघाले की एकेक प्रत खाली. आकारणी तीस वर्षांसाठी पक्की. आणि शेताचा नंबर साधारण एका बैलजोडीला वाहता येईल एवढा.

सोमवारी कार्यालयात गेल्यावर मी आकारबंद, म्हणजे गावातल्या जमिनींच्या क्षेत्राचं आणि साऱ्याचं पुस्तक, उघडला. हे पुस्तक मी दहा वर्षांत शेकडो वेळा उघडलं होतं. क्षेत्र, पोटखराबा, आकार. त्या दिवशी मी आकाराच्या रकान्यावर बोट ठेवून बसले. साडेतीन रुपये, दोन रुपये काही पैसे. आजही सातबाऱ्यावर हा आकडा येतो आणि कुणी त्याच्याकडे बघत नाही. पण त्या आकड्यामागे कधीतरी एक माणूस रानात खड्डा खणून माती किती हात खोल आहे ते बघत उभा होता. दोन आण्यांची प्रत लिहिताना त्याच्यासमोर आमच्याच भागातला कुणी शेतकरी उभा असेल, आणि सोळा आण्यांची लिहू नको म्हणून हात जोडत असेल. गुंठा म्हणजे तेहतीस फूट गुणिले तेहतीस फूट, आणि तेहतीस फूट म्हणजे आमची शंकूसाखळी, तिचे सोळा भाग म्हणजे सोळा आणे. मी आता रोव्हर घेऊन जाते, उपग्रहाकडून सेंटिमीटरमध्ये स्थान मिळतं. पण निकाल द्यायचा तो शेवटी त्या साखळीने घातलेल्या हद्दीचाच.

पुढचं वाचलं तेव्हा मात्र आनंद ओसरला. तीस वर्षांनी, १८६० च्या दशकात फेरआकारणी झाली. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला भाव चढला होता, त्या चढत्या भावांवर सारा वाढवला गेला. युद्ध १८६५ मध्ये संपलं, भाव पडले, सारा तसाच राहिला. शेतकरी सावकाराच्या दारात गेला. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांच्या घरांवर चाल केली आणि कर्जरोखे जाळले. पुढे १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. सुप्याच्या बाजाराला मी लहानपणी आजीबरोबर जायचे. तिथे असं काही घडलं होतं हे मला शाळेत, घरी, कुणीही कधी सांगितलं नव्हतं. पस्तिशीत पुस्तकातून कळलं. त्याचा मला राग आला आणि अजूनही येतो. आपल्या पोरांना आपल्याच बाजाराचा इतिहास माहीत नसावा, हे बरं नव्हे.

नापास मी इतिहासलेखनशास्त्रात झाले. जून २०२३, शंभरपैकी चौतीस, उत्तीर्ण व्हायला चाळीस हवेत. जून आमच्याकडे वाईट. पाऊस पडायच्या आत अतितातडीच्या मोजण्या उरकायच्या असतात, आणि परीक्षेच्या आदल्या दिवशीही मी संध्याकाळी सहाला रानातून आले होते. पण मार्क गेले ते त्यामुळे नाहीत. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवून वाचली तेव्हा मला माझी चूक स्वच्छ दिसली. 'अमुक इतिहासकाराच्या दृष्टिकोनाची चिकित्सा करा' असा प्रश्न, आणि मी लिहिलं होतं त्याचा जन्म, पुस्तकं, सालं, मुद्दे. मी पंचनामा लिहिला होता. आमच्या कामात तोच लिहायचा असतो. दिसलं ते नोंदवायचं, आपलं मत घालायचं नाही. इतिहासात दिसलं ते नोंदवून झाल्यावर खरं काम सुरू होतं. हा पुरावा कुणी तयार केला, कशासाठी, यात कोण बोलतंय आणि कोण गप्प आहे. हे मला आकारबंदासमोर बसून सुचलं होतं आणि परीक्षेत मात्र मी विसरले. डिसेंबरला पुन्हा बसले, त्रेसष्ट मिळाले.

त्या सहा महिन्यांत सोडून द्यावं असं खूप वाटलं. मुलगी चौथीत होती, सासूबाईंचा गुडघा, आणि मी पहाटे उठून मार्क ब्लॉख हा फ्रेंच इतिहासकार वाचतेय. त्या काळात मला एका गोष्टीने धीर दिला. आपल्या मराठ्यांचा इतिहास ज्यांनी उभा केला, त्यांतले कितीतरी जण नोकरदार होते. न्यायमूर्ती रानड्यांचं मराठी सत्तेवरचं पुस्तक १९०० साली आलं तेव्हा ते उच्च न्यायालयात न्यायाधीश होते. गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ पासून १९२५ पर्यंत बडोद्याच्या गायकवाडांच्या सेवेत होते, रियासतीचे खंड त्या नोकरीतच सुरू झाले, आणि निवृत्तीनंतर त्यांनी पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड संपादित केले. मी कुठे आणि ते कुठे, हे मला कळतं. पण दिवसभर दुसऱ्याचं काम करून पहाटे कागदाशी बसणारी माणसं आपल्याकडे होऊन गेली, एवढं मला पुरेसं होतं.

मोडी अभ्यासक्रमात नव्हती. ती मी आपण होऊन शिकले, कारण अभिलेख कक्षात जुने कागद मोडीत आहेत आणि ते वाचणारं आता कुणी राहिलेलं नाही. दिवाळीच्या सुट्टीत पुण्यात दहा दिवसांचा वर्ग केला. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग अक्षरं तिला लटकवत जायचं. शब्द तोडायचे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, विरामचिन्हं नाहीत. आठ दिवस मला सगळं पान एकच लांबलचक शब्द वाटत होतं. नवव्या दिवशी 'मौजे' दिसलं. मग प्रत्येक पानावर 'मौजे' दिसायला लागलं, त्याच्यामागे गावाचं नाव, मग 'तर्फ', मग 'परगणे'. कालगणना वेगळीच शिकावी लागते. सुहूर सनाचं साल आकड्यांऐवजी अरबी शब्दांत लिहितात, तेही एककापासून उलटं : 'इहिदे सितैन मया व अलफ', म्हणजे एक, साठ, शंभर, हजार. सन ११६१. त्यात ५९९ मिळवले की १७६०, आणि वर्ष मृगाला सुरू होत असल्यामुळे पुढच्या जानेवारीतलं पानिपत याच सनात पडतं. 'छ' दिसला की पुढे चंद्राची तारीख.

शिकलेलं वापरून बघायचं म्हणून दोन किरकोळ रजा टाकून मी पुणे पुराभिलेखागारात, म्हणजे आपण ज्याला पेशवे दफ्तर म्हणतो तिथे गेले. कापडात बांधलेला रुमाल समोर आला तेव्हा गाठ सोडायला माझा हात धजेना. आमच्या भागातल्या एका गावचा जमीनझाडा, म्हणजे जमिनींची नोंद, होता. पुस्तकात वाचलं होतं ते समोर होतं. वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा, एकशेवीस बिघ्यांचा चाहूर. पण मला जास्त खिळवलं ते रानांच्या नावांनी. नंबर नाहीत. अमक्याचं थळ, तमक्याचं थळ, आणि ज्याच्या नावाचं थळ तो कधीच गाव सोडून गेलेला, म्हणून पुढे 'गतकूळ'. माणूस गेला, नाव रानाला राहिलं. आणि हे काही संपलेलं नाही. मी गट नंबर विचारते तेव्हा अजूनही शेतकरी म्हणतो, "नंबर आमास्नी काय म्हाईत? ह्ये वडाचं वावार." तिथे वड नसतो. मी पूर्वी हे ऐकून पुढे जायचे. आता माझ्याकडे एक वही आहे, मोजणीला गेले की रानाचं नाव तिच्यात लिहून घेते. १९४७ च्या तुकडेबंदी-एकत्रीकरणाच्या कायद्यानंतर सर्व्हे नंबर जाऊन गट आले, त्याआधी सर्व्हे नंबर आले होते, त्याआधी थळं. प्रत्येक वेळी कागद बदलला आणि रान आपल्या नावाला धरून राहिलं. आज त्या वहीत चारशेच्या वर नावं आहेत. त्यांचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. पीएच. डी.चा विचार आहे, पण मुलगी दहावीला जाईल, त्याच्यानंतर बघू.

निकाल २०२५ मध्ये लागला. मोबाइलवर बघितला, ह्यांना फोन केला, सासूबाईंनी साखर ठेवली देवापुढे. पदवीपेक्षा मला सांगायचं आहे ते त्याच उन्हाळ्यातलं.

एका गावात मोजणी आटोपली आणि अर्जदार आजोबा प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक कागद घेऊन आले. "तुमास्नी मोडी येती म्हनं. आमच्या घरात कवापास्नं पडलाय ह्यो." घडीवर फाटलेला, स्टॅम्पचा कागद. मी ओट्यावर बसले आणि अक्षर लावत गेले. सन १८८४ चं गहाणखत होतं. सुप्याचे रोखे जळल्याला नऊ वर्षं झालेली. दीडशे रुपयांना एक जमीन, चतुःसीमा, पूर्वेस ओढा, व्याज. कर्ज घेणारा आजोबांचा पणजोबा. सही नव्हती. खाली 'निशाणी नांगर' असं लिहिलेलं आणि शेजारी शाईने काढलेला छोटा नांगर. कुणबी माणसाला लिहिता येत नसे, तेव्हा तो आपलं अवजार काढायचा. आजोबांनी त्या नांगरावरून अंगठा फिरवला. नांगराच्या खाली एक गोल होता.

"आन् ह्ये वो? टिंब पडलंय?"

"नाही आबा. बांगडी आहे. बाईची निशाणी. तुमच्या पणजोबांची आई असावी, विधवा होती, तिचाही हिस्सा धरलाय. 'काशीबाई भ्रतार' असं लिहून पुढे नाव आहे."

"काय नाव म्हनलासा?"

"काशीबाई."

ते कागदाकडे बघत राहिले. मग आत तोंड करून सुनेला हाक मारली आणि म्हणाले, "ए, भाईर ये गं. आपल्या घरातली बाई हाय ह्यात."